कोलेस्टेरॉल पेशी थिजवतं म्हणे? अहो, प्रयोग वेगळंच सांगतात

सोलापुरातल्या आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणात शिरून त्याला वनस्पती तुपासारखं थिजवतं, झाडांमध्ये असलं काही नसतंच म्हणून शेंगतेल खाणाऱ्यांच्या पेशी मऊ राहतात, आणि म्हणून शरीरातलं कोलेस्टेरॉल शून्यावर आणा. तिन्ही चूक. लोक यावरून पथ्य आणि गोळ्या ठरवायला लागलेत म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थिजवण्याचं बघू. हे तपासायला जिवंत पेशी लागत नाही, पेशीचं आवरण मुख्यतः लिपिड, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या दोन थरांचं असतं, आणि लॅबमध्ये एकाच लिपिडचा तसाच दोन थरांचा पडदा पाण्यात तयार करता येतो. डीपीपीसी नावाचं लिपिड घ्या, त्याचा पडदा ४१ अंशाला वितळतो, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडं पारा ४१ च्या वर गेला की टेबलावर वितळलेला आणि रात्री परत घट्ट. घट्ट असताना लिपिडच्या लांब शेपट्या सरळ, एकमेकींना चिकटून उभ्या. आता त्यात कोलेस्टेरॉल घाला. त्याच्या चार कड्यांचा सपाट, ताठ भाग शेपट्यांच्या मधे घुसतो आणि त्यांना नीट रचूच देत नाही, म्हणजे ४१ च्या खाली पडदा उलट सैल होतो! ४१ च्या वर मात्र वळवळणाऱ्या शेपट्या त्या ताठ कड्यांना टेकून सरळ होतात, पडदा जाड आणि दाट होतो, त्यातून पाणी, ग्लुकोज कमी झिरपतं. कोलेस्टेरॉल वाढवत नेलं की वितळण्याचा तो टप्पा पुसट होत जातो आणि निम्मे रेणू कोलेस्टेरॉलचे झाले की जवळपास दिसेनासाच होतो. तेव्हा शेपट्या सरळ असतात पण रेणू आपापले सरकत राहतात, पातळ पडद्यापेक्षा साधारण दोन-तीन पट हळू, बस. खरंच गोठलेल्या पडद्यात ते कितीतरी जास्त मंद असतात. याला थिजणं कसं म्हणायचं?

बरं, सगळ्या लिपिडांवर परिणाम सारखाही नाही. डीएमपीसीसारख्या लिपिडचा पडदा कोलेस्टेरॉलने वाकायला कडक होतो, पण डीओपीसी या दुसऱ्या लिपिडच्या दोन्ही शेपट्यांत वाकडा दुहेरी बंध आहे, तिथं कडकपणा वाढतो की नाही यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

झाडांचं म्हणाल तर त्यांच्याकडं स्वतःचे स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्याच जातीचे रेणू, असतात की! शेंगतेलातसुद्धा सिटोस्टेरॉल असतं. कोलेस्टेरॉलच्याच कड्या, फक्त शेपटीला दोन कार्बन जास्त, आणि पडद्यात कामही तेच करतं. झाडांमधल्याच स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत एक दुहेरी बंध वाढला की तेच काम कमी जमतं. बुरशीकडं अर्गोस्टेरॉल असतं, अँफोटेरिसिन बी हे औषध त्यालाच पकडतं.

आणि शून्यावर आणायचं? पेशीच्या बाहेरच्या पडद्यातल्या लिपिडांत दर तीन रेणूंमागं एक तरी कोलेस्टेरॉलचा असतो, आणि ते शरीर बरंचसं स्वतःच बनवतं. स्मिथ-लेमली-ओपित्झ या जन्मजात आजारात ते बनवण्याची शेवटची पायरी बिघडलेली असते आणि बाळांची वाढ, मेंदू, सगळ्यावर परिणाम होतो.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, हा वेगळा विषय आहे, ते वाढून धमनीच्या भिंतीत साचतं आणि ते कमी करायलाच पाहिजे. म्हणून ग्रुपवरच्या काका-काकूंनो, गोळी चालू असेल तर या मेसेजवरून ती बंदही करू नका आणि वाढवूही नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं जा.