म्हातारी माणसं नको असतील, तर हॉटेल असं बांधा

नवं हॉटेल काढताय? अभिनंदन. जागा झाली, कर्ज झालं, आचारी ठरला, इंटिरियरवाल्या पोराने टॅबवर चित्रंही दाखवली. आता एकाच गोष्टीची खबरदारी घ्या. साठीपुढचं माणूस आत शिरता कामा नये.

ही जमात फार तापदायक. मंगळवारी दुपारी येते, जेव्हा तुमची टेबलं रिकामी असतात आणि वेटर मोबाइलवर क्रिकेट बघत असतात. शाळा सुरू झाल्यावर, ऐन पावसात खोली मागते. बरं, एकटी येईल तर शपथ. लेक, जावई, नातवंडं, अमेरिकेहून आलेली पुतणी असा दहा जणांचा काफिला घेऊन येते आणि वर बिल दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही. २०११ च्या जनगणनेतच देशात असे १० कोटींहून जास्त लोक होते. त्यात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट. म्हणजे कधी कुठून उगवतील, नेम नाही.

तेव्हा दारापासूनच सुरुवात करा. सार्वजनिक इमारतीत पायरी १५ सेंटिमीटरहून उंच नको, असं बांधकामाची राष्ट्रीय संहिता सांगते. सांगू दे. तुम्ही २० ची करा, आणि कठडा काचेचा, हात ठेवला की घसरणारा. उतार दाखवावाच लागला, तर नियमाप्रमाणे फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते. तेवढ्या जागेत पानाची टपरी बसते हो! त्यापेक्षा चार फुटांत उरका आणि त्यावर शोभेच्या कुंड्या मांडा. आत गेल्यावर ‘फॅमिली सेक्शन’ला उतरताना मधेच एकच पायरी ठेवा, त्याच काळ्या ग्रॅनाइटची, कडेला पट्टी वगैरे काही न लावता. तीन पायऱ्या असल्या की माणूस सावध होतो. एक पायरी दिसतच नाही.

मग उजेड. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली आक्रसते, आतलं भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा उजेड पोचतो. निसर्गाने अर्ध्याहून जास्त काम करून ठेवलंय, उरलेलं तुमच्या पिवळ्या बल्बांनी करायचं. मेनू काळ्या कागदावर राखाडी अक्षरात छापा. नाहीतर छापूच नका, टेबलावर क्यूआर कोड चिकटवा. आपल्या जुन्या खाणावळींनी इथेच घोडचूक केली होती. दारातच फळा, त्यावर खडूने बोटभर अक्षरात ‘आज: मटकीची उसळ, भरली वांगी, ताक’. चष्मा घरी विसरलेला माणूससुद्धा वाचून खुशाल आत यायचा.

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, घेऊन आम्ही अशाच एका झकपक ठिकाणी गेलो होतो. नाव सांगत नाही, मालकांनी नाराज व्हायला नको. नाना ७८ वर्षांचे. नातवाने मोबाइल पुढे धरला, नानांनी तो हातभर लांब नेला, मग जवळ आणला, मग चष्मा वर करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, ‘‘पिठलं आहे का ते बघ.’’

आवाजाची सोय तर तिथे अप्रतिम होती. उघडं काँक्रीटचं छत, काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी, पडदा औषधालाही नाही. उतारवयात आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, म्हणजे नेमकी स, श, फ अशी व्यंजनं. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. त्यात वर स्पीकर धडधडत होता. वेटर वाकून लांबलचक काही विचारत होता, त्यातलं ‘स्टार्टर’ तेवढं नानांना कळलं. शेतावरची मोटार आठवून ते म्हणाले, ‘‘बंद करून आलोय.’’ वेटरने ‘नको’ असं लिहून घेतलं. तुमचं हराभरा कबाबचं एक गिऱ्हाईक गेलं, पण ध्येयासाठी एवढा त्याग करावा लागतो.

खुर्च्यांना हात ठेवू नका. हात असले की माणूस त्यावर जोर देऊन उठतो आणि पुन्हा यायची भाषा करतो. त्याहून सोफा उत्तम. इतका खोल आणि बुटका की बसलं की गुडघे छातीशी. नानांना बाहेर काढायला दोघं लागले, एक पुढून ओढणारा, एक मागून लोटणारा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने व्हिडिओ काढला. फुकटची जाहिरात.

पण खरी कला दिसते ती स्वच्छतागृहात. ते तळघरात हवं, गोल जिन्याने उतरायचं. दारावर ‘पुरुष’, ‘स्त्रिया’ असं काही लिहू नका. एकावर मिशी, एकावर ओठ, आणि दोन्ही सारखीच सोनेरी. आत फरशी कायम ओली. कमोड इतका खाली, की बसणं हा एकतर्फी प्रवास ठरावा. भिंतीला धरायला दांडी तर मुळीच नको, दवाखान्यासारखं दिसतं, इंटिरियरवाला पोरगा रुसतो. माणूस काय, टॉवेलची दांडी धरणारच. नानांनी तीच धरली. ती दोन स्क्रूंसकट हातात आली आणि नाना ती काठीसारखी टेकत टेकत जिना चढून वर आले. मॅनेजर धावत आला, आधी दांडीकडे बघितलं, मग नानांकडे.

राहायच्या खोल्यांचं फार सांगत नाही. उशाशी चौदा बटणांची पाटी, एकावरही अक्षर नाही. रात्री दोनला उठलेल्या माणसाने बाथरूमचा दिवा लावायला जावं आणि पडदे सरकावेत, एवढं जमलं की पुरे.

एक धोका मात्र सांगायला हवा. त्या हॉटेलातून निघताना गल्ल्याजवळ मालकांचे वडील बसलेले दिसले. हॉटेलभर त्या नाजूक, बिनहाताच्या खुर्च्या, आणि हे बसले होते घरून आणलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत. चांगले रुंद हात, पाठीला उशी, डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट, आणि पुढ्यात आजच्या पदार्थांची यादी, वहीच्या पानावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात लिहिलेली. नाना तिथेच रेंगाळले. टॉवेलची दांडी परत करता करता यादी वाचली. पिठलं होतं. मग म्हातारेबुवांना हळूच विचारलं, ‘‘अशी अजून एक खुर्ची आहे का हो आत?’’

तेव्हा ती खुर्ची आधी गल्ल्यापासून हलवा. आत, गोदामात वगैरे. आणि दार लावून घ्या.