कॅम्पसचा गौरवशाली इतिहास कसा लिहावा

मी ज्या सरकारी कॉलेजात शिकले, त्याच्या अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी गेल्या महिन्यात माझ्याकडे लेख मागितला होता. विषय, 'आपल्या परिसराची वाटचाल'. मी चौदा पानं लिहून दिली. छापून आलं सव्वा पान. उरलेल्या जागेत शुभेच्छा संदेश आहेत. मुखपृष्ठावर 'पहिली इमारत' म्हणून जो फोटो झळकतोय तो मुलांच्या वसतिगृहाचा आहे. तेव्हा माझं काय चुकलं ते आता कळलंय, आणि उद्या तुमच्यावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून हे चार शब्द.

सुरुवात रोपट्यानं करा. 'या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.' खरा वड स्कूटर स्टँडसाठी तोडला असेल तरी हरकत नाही.

मग 'दूरदृष्टी' आणा. प्रत्येक इमारत ही कुणाच्या तरी दूरदृष्टीतूनच उगवली पाहिजे. खरं काय घडलं ते चुकूनही लिहू नका. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज ज्या देखण्या इमारतीत आहे ती सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती, हे सांगण्यात काय शोभा? पुणे विद्यापीठ १९४९ साली निघालं आणि गव्हर्नरसाहेबांच्या गणेशखिंडीतल्या बंगल्यात जाऊन बसलं, हेही नको. डेक्कन कॉलेजचं तर नावच काढू नका. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू, १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत, १९३४ साली सरकारनं चक्क बंद केलं, आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा दार उघडलं. असा इतिहास लिहिला तर लोक वाचतील. स्मरणिका वाचायला नसते.

देणगीदारांबद्दल जपून. जमशेटजी जीजीभाई, कावसजी जहांगीर रेडिमनी ही माणसं पैसे देऊन गेली, म्हणून मुंबई-पुण्याचे जुने कॅम्पस उभे राहिले, हे खरं. पण प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या मुंबई विद्यापीठाच्या टॉवरला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव आहे. हा विषय निघाला की पाण्याच्या टाकीवरच्या कोनशिलेत ज्यांची अकरा नावं कोरली आहेत त्यांना अवघडल्यासारखं होतं.

वास्तुविशारदांचा उल्लेख जरूर करा. राजाबाई टॉवरचा आराखडा ज्यांनी केला त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवलं नाही. नकाशे इंग्लंडमधून आले. आमच्या उपअभियंत्यांचं ऑफिस कॅम्पसपासून दोन किलोमीटरवर आहे आणि ही उज्ज्वल परंपरा त्यांनी निष्ठेनं चालवली आहे. फक्त नकाशे पाठवायचं तेवढं राहून जातं.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'शेड' हा शब्द वापरायचा नाही. 'विस्तार' म्हणायचं.

आमच्याकडे दगडी इमारत एकच. पुढे तुकड्या वाढल्या, तेव्हा मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड पडली. तात्पुरती, सहा महिन्यांसाठी. मी तिथे फिजिक्सची प्रॅक्टिकल्स केली आणि माझ्या भाचीनंही केली. मधल्या काळात शेडला मधे भिंत घातली, तिचं 'अ विंग' झालं, 'अ विंग'ला चिकटून एक 'नवीन इमारत' आली, तिच्यानंतर आणखी एक नवीन इमारत आली, म्हणून पहिली झाली 'जुनी नवीन इमारत'. ट्रान्सस्क्रिप्ट कुठे मिळेल असं गेटवर विचारा. "जुन्या नवीनच्या मागं, विंगच्या आतनं." पोरं बिचारी मोबाइलवर नकाशा उघडून संडासापाशी पोचतात.

आणि हे का होतं ते कुणाला माहीत नाही असं नाही. तुकडीची मान्यता जूनमध्ये येते, मुलं जुलैत येतात. इमारतीचा प्रस्ताव मात्र आधी प्रशासकीय मान्यतेला, मग तांत्रिक मान्यतेला, तोवर दरसूची बदलते, म्हणून सुधारित अंदाजपत्रक, तोवर मार्च, आणि निधी परत. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. वाट तेव्हाही पाहावी लागायची. जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली आणि तिला स्वतःची इमारत मिळाली १८७८ मध्ये. एकवीस वर्षं! पण वाट पाहून जे मिळालं ते अजून उभं आहे. आम्हाला वाट पाहून पत्रा मिळाला, आणि तो गळायला लागल्यावर त्यावर निळी ताडपत्री. दगडी इमारतीतही बादल्या ठेवतात, कारण तिच्या कौलांवर चढून पाहायचं काम खर्चाच्या कुठल्या 'हेड'खाली टाकायचं हे ठरत नाही. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'ची समिती यायची झाली की मात्र रंग लगेच मिळतो. आमच्या भिंतीचे पापुद्रे खरवडले तर नॅकच्या फेऱ्या मोजता येतील. इतिहास संशोधनाचं तेवढंच साधन शिल्लक आहे.

मैदानाबद्दल एका ओळीत लिहा: 'भव्य होते.'

साधनांचा शोध घेऊ नका. मी घेतला. मूळ नकाशे कुठे आहेत विचारलं तर बांधकाम विभागानं कॉलेजकडे बोट दाखवलं आणि कॉलेजनं बांधकाम विभागाकडे. शेवटी एका शिपाईमामांनी जिन्याखालची खोली उघडून दिली. डेड स्टॉकची रजिस्टरं, निळ्या नकाशांच्या गुंडाळ्या, आवक-जावकचे गठ्ठे. अर्धं वाळवीनं खाल्लेलं, अर्धं वाचता येण्याजोगं. मी म्हटलं, आठ दिवसांनी कॅमेरा घेऊन येते. आठ दिवसांनी गेले तर खोली धुऊन पुसून चकचकीत, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. "कार्यक्रमाच्या जेवणाचं सामान ठेवायचं होतं ना, मॅडम. ते सगळं निर्लेखित केलं."

पंच्याहत्तर वर्षांचा उत्सव करण्यासाठी पंच्याहत्तर वर्षांचे कागद टेम्पोत घालून रद्दीत दिले. किलोवर.

आता उपरोध पुरे. लाज वाटायला हवी. हे कॉलेज कुणाच्या बापाचं नाही, लोकांच्या पैशाचं आहे. कुठली खोली कधी, कशासाठी, किती रुपयांत बांधली, हे लिहिलेला कागद त्या लोकांचा होता. तो कागद नाही म्हणूनच दर पाच वर्षांनी नवा माणूस येतो, तीच गटारलाइन पुन्हा खणतो, तीच शेड पुन्हा 'तात्पुरती' म्हणून मंजूर करून घेतो, आणि 'हे आधीही झालंय' असं म्हणायला कुणाच्या हातात पुरावा नसतो. वाळवीनं निदान भुकेपोटी खाल्लं होतं. तुम्ही खुर्च्या ठेवायला फेकलंत!

ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर अजून दोन कपाटं आहेत, मला माहीत आहे. त्यांना हात लावायच्या आधी मला एक फोन करा. नंबर आहे तुमच्याकडे. स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी तीनदा केला होतात.