रोहित्रावर जागा आहे, मग तपासणी कशाला?

नव्या वीजजोडणीआधीच्या तपासणीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेतला मुद्दा थोडक्यात असा: रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) 200 केव्हीए क्षमतेचं, आजवरचा कमाल भार 140, म्हणजे 60 शिल्लक, मग 40 किलोवॅटच्या नव्या जोडणीसाठी आठवडेच्या आठवडे तपासणी हा निव्वळ वेळकाढूपणा.

वजाबाकी चोख आहे. पण ती रोहित्रापाशी चोख आहे आणि ग्राहक असतो तिथून निघणाऱ्या वाहिनीच्या, म्हणजे वीज नेणाऱ्या केबलच्या, दुसऱ्या टोकाला.

95 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियम केबल घ्या. तिचा रोध किलोमीटरला साधारण 0.32 ओहम. 400 व्होल्टवर 40 किलोवॅट तिन्ही फेजवर सारखे वाटले, तर फेजमागे सुमारे 58 अँपिअर येतात. ग्राहक 50 मीटरवर असेल तर व्होल्टेजची घट एक व्होल्टही नाही. 500 मीटरवर तीच 9 व्होल्ट, म्हणजे 230च्या 4 टक्के. तिथे संध्याकाळी आधीच 7 टक्के घट होत असेल आणि मर्यादा 10 टक्क्यांची असेल, तर रोहित्रावरचे 60 केव्हीए त्याच्या काय कामाचे?

आणि गंमत पाहा. त्याच टोकाला विजेवरच्या गाडीचा 7.4 किलोवॅटचा, 32 अँपिअरचा सिंगल फेज चार्जर लावला, तर प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परततो आणि घट दोन्ही तारांत होते. न्यूट्रल तेवढ्याच जाडीची धरली तरी घट 10 व्होल्टच्या वर. भार पाचपटीहून लहान, त्रास मोठा! नुसते किलोवॅट पाहून होकार-नकार देणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

भारांच्या बेरजेत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मूळ लेखात मी सगळ्यांचे मंजूर भार सरळ मिळवले होते. चूकच ती. शंभर घरांचे हीटर एकाच मिनिटाला सुरू होत नाहीत. प्रत्यक्ष एकत्रित मागणी त्या बेरजेपेक्षा बरीच कमी भरते. फक्त हा दिलासा चार-पाच ग्राहकांच्या छोट्या वाहिनीवर फारसा मिळत नाही. रात्री ठरावीक वाजता वीज स्वस्त होऊन सगळे चार्जर एकदम सुरू झाले, तर मोठ्या वाहिनीवरही तो विरतो.

वेळकाढूपणाचं म्हणाल, तर रोहित्राजवळच्या लहान जोडण्या ठोकताळ्यावर त्याच दिवशी मंजूर व्हाव्यात, याला माझा पाठिंबाच आहे. लांबच्या टोकालाही थेट नकार देण्याआधी ग्राहकाला कमी भाराच्या फेजवर घेणं, जाड केबल टाकणं किंवा गर्दीच्या तासांत भार मर्यादित ठेवणं, हे तपासायलाच हवं.

तुम्ही भार, रोहित्र, कमाल मागणी सगळं दिलंत; अंतर तेवढं राहिलं. केबलच्या जाडीसकट कळवा, तुमचेच आकडे घेऊन पुन्हा मांडतो.