सवय शरीराला नाही लागत हो, बदलतो तो बॅक्टेरिया

तो मेसेज परत फिरतोय. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जंतूचं कवच विरघळवतं, सारखं घेतलं की शरीराला सवय होते, मग ५०० ची गोळी सोडून डबल पॉवरची ६२५ घ्यायची, आणि सर्दीलाही तीच चालते म्हणे. चारही गोष्टी चूक आहेत.

कवच विरघळतं? तयार भिंतीला ही गोळी हातही लावत नाही. ती भिंत म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो ॲसिडचे तुकडे, बाजेचं सुंभ कसं उभंआडवं ताणून बांधतात तसं. ही बांधणी पेशीच्या बाहेरच्या अंगाला होते, पटलात एक टोक रोवून बसलेली ट्रान्सपेप्टिडेज नावाची एन्झाइम्स ती करतात. प्रत्येक तुकड्याच्या शेपटाला डी-ॲलानिन नावाची दोन अमिनो ॲसिड असतात, एन्झाइम शेवटचं तोडतं, उरलेला तुकडा क्षणभर स्वतःला चिकटवून घेतं आणि शेजारच्या साखळीला जोडून मोकळं होतं. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलीनच्या घराण्यातली औषधं त्या दोन ॲलानिनसारखी दिसतात (हे टिपर आणि स्ट्रॉमिंजर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच मांडलंय), एन्झाइम फसून त्यांना धरतं आणि मग अडकूनच बसतं. तिकडे बॅक्टेरियाची दुसरी एन्झाइम्स वाढीसाठी जुनी भिंत कापतच असतात, म्हणजे कापणं चालू, बांधणं बंद, आतून प्रेशर आहेच, फुटला. म्हणून तर वाढणारा बॅक्टेरिया मरतो आणि निवांत पडलेला बऱ्याचदा वाचतो.

शरीराला सवय, हे वाचून तर डोकंच फिरतं. आपल्या पेशींना असली भिंतच नाही, सवय कशाला लागणार? बदलतो तो बॅक्टेरिया. काही बॅक्टेरिया बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवतात, ते औषधाच्या रेणूतली रिंगच फोडतं, आणि ई. कोलायसारख्यांमध्ये ते दोन पटलांच्या मधल्या जागेत टपून असतं. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांना असं एन्झाइम १९४० मध्ये सापडलं, तेव्हा पेनिसिलीन बाजारात आलंही नव्हतं! दुसरी चाल एमआरएसएची, म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलीनच्याच घराण्यातल्या औषधाला दाद न देणाऱ्या स्टॅफ बॅक्टेरियाची: त्याच्याकडे मेकए जीनमुळे पीबीपी२ए हे जास्तीचं बांधणारं एन्झाइम असतं, त्याला ही औषधं धड चिकटत नाहीत. मेथिसिलिन आलं १९५९ ला, त्याला दाद न देणारे स्टॅफ इंग्लंडमध्ये १९६१ ला नोंदवले गेले. आयुष्यात एकही अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसालाही असा जंतू बाधू शकतो.

आता ६२५. पाकीट उलटं करून वाचा की, ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. मूळ औषध तेवढंच! क्लॅव्ह स्वतः जंतू मारण्यात कच्चं, त्याचं काम बीटा-लॅक्टमेज जाम करणं. घसा दुखवणारा स्ट्रेप हा बॅक्टेरिया हे एन्झाइम बनवतच नाही, तिथे क्लॅव्हने फायदा शून्य, जुलाब मात्र वाढायची शक्यता. एमआरएसएपुढेही काही चालत नाही, आणि दिल्लीचं नाव चिकटलेल्या एनडीएम-१ या बीटा-लॅक्टमेजपुढेही नाही, कारण त्या एन्झाइमचं काम झिंकवर चालतं, क्लॅव्ह तिथे अडकतच नाही.

सर्दी व्हायरसची, व्हायरसला भिंत नाही, विषय संपला. अहो, मायकोप्लाझ्मा तर बॅक्टेरिया असूनही बिनभिंतीचा आहे, त्याच्या न्यूमोनियातही अमॉक्सिसिलिन कुचकामी, तिथे डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखं दुसरंच काहीतरी देतात.