शुद्ध खोबरेल, म्हणून सौम्य?

थंडी सुरू झाली की घरगुती साबणाची एक कृती फोनाफोनी फिरू लागते. कधी व्हिडिओ, कधी लांबलचक मेसेज, मजकूर थोड्याफार फरकाने तोच. अर्धा किलो घाण्याचं खोबरेल घ्या, नसेल तर घरात असेल ते तेल. त्यात 85 ग्रॅम कॉस्टिक सोडा घाला. कॉस्टिकची भीती वाटत असेल तर बाजारातला सोप बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबणाचा ठोकळा) वितळवा, मग साबण केमिकलमुक्त होईल. वरून एका लिंबाचा रस पिळा, त्याने पीएच त्वचेइतका होतो. दूध, मध, हळद हवी तेवढी. दोन दिवसांत वापरायला काढा, अंग कधीच कोरडं पडणार नाही.

घरी साबण करण्याला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः करते. पण या कृतीने केलेला साबण ऐन थंडीत वापरलात तर पोटऱ्यांवर नखाने नाव लिहिता येईल. आणि ‘घरात असेल ते तेल’ हे चार शब्द तर सरळ इजा करणारे आहेत.

आधी खोबरेलाचं बघू. अंगाला चोळलेलं खोबरेल त्वचा मऊ करतं, यात वाद नाही. पण कॉस्टिकशी गाठ पडली की ते तेल राहतच नाही. त्यातली मेदाम्लं (फॅटी ॲसिड) सुटी होऊन कॉस्टिकमधल्या सोडियमला जोडली जातात, तोच साबण, आणि सोबत ग्लिसरीन तयार होतं. म्हणून बघायचं ते तेलाचा गुण नव्हे, मेदाम्ल कोणतं आहे ते. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. लॉरिकचा साबण पाण्यात पटकन विरघळतो, भरपूर फेसाळतो आणि मळ जोरात काढतो. खोबरेलाचा साबण समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून तर तो जहाजांवर वापरत. हा जोर मळापाशी थांबत नाही. त्वचेचा स्वतःचा स्निग्धांशही तो धुऊन नेतो. अंगावरून बोट फिरवल्यावर जे करकरीत ‘स्वच्छ’ वाटतं, ते त्यामुळेच. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त. त्याचा साबण कमी फेसाळतो, हाताला जरा बुळबुळीत लागतो, पण अंगाला नरम.

(वेष्टनावरचा टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण मेदाम्लांचा टक्का, बघून सौम्यपणा ठरवणाऱ्यांचीही गफलत हीच. 76 टक्के म्हणजे पहिली श्रेणी, हे बरोबर. पण तो आकडा मेदाम्लं किती आहेत ते सांगतो, कोणती आहेत ते नाही.)

निव्वळ खोबरेलाचा साबण करताच येत नाही असं नाही. 500 ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 91.5 ग्रॅम कॉस्टिक लागतं. जाणकार मुद्दाम वीस टक्के कमी, म्हणजे 73 ग्रॅम घेतात, त्यामुळे काही तेल साबण न होता मोकळं राहतं. त्याला सुपरफॅट म्हणतात. मेसेजमधल्या 85 ग्रॅमांनी जेमतेम सात टक्के तेल मोकळं राहतं. निव्वळ खोबरेलाला तेवढं पुरत नाही.

आता तेच 85 ग्रॅम कॉस्टिक शेंगदाणा तेलात घातलं तर? 500 ग्रॅम शेंगदाणा तेलाला पूर्ण साबण व्हायला साधारण 68 ग्रॅमच लागतं. उरलेलं 17 ग्रॅम कॉस्टिक त्या वड्यांमध्ये मोकळं राहणार, आणि ती वडी तुम्ही अंगाला, कदाचित लहान मुलाच्या अंगाला घासणार. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो आणि तो न बघता दिलेली कृती पुढे पाठवू नये, इतकं साधं आहे हे. मापही वजनाचंच हवं. अर्धा लिटर तेल भरतं सुमारे 460 ग्रॅम, तेव्हा वाटीने मोजलं की हिशेब तिथेच चुकला.

सोप बेस केमिकलमुक्त नसतो. तो कारखान्यात कॉस्टिक घालूनच होतो, शिवाय पारदर्शक दिसावा म्हणून त्यात आणखी चार गोष्टी असतात. वापरा खुशाल, फक्त कॉस्टिक टाळल्याचं समाधान मानू नका.

लिंबाचं गणित तर कुणीही करून बघावं. 30 मिलिलिटर रसात सायट्रिक आम्ल साधारण दीड ग्रॅम. ते फार तर एक ग्रॅम कॉस्टिक निकामी करेल. साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, तो तिथेच राहतो. हट्टाने आम्ल ओतत राहून तो त्वचेच्या पाचापर्यंत आणलाच, तर साबण मोडून पुन्हा मेदाम्लं होतील आणि हातात चिकट गोळा उरेल. 5.5 पीएचच्या ज्या वड्या मिळतात, त्या मुळात साबणाच्या नसतात, सौम्य डिटर्जंटच्या असतात.

दूध आणि मधातल्या साखरेने मिश्रण तापतं, तपकिरी होतं, बाकी विशेष काही नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की काय रंग येतो ते घरोघरी माहीत आहे.

दोन दिवसांचं म्हणाल, तर तोवर कॉस्टिकचं काम बहुतेक आटोपलेलं असतं हे खरं. पण वडीत पाणी असतं, ती मऊ असते, लवकर झिजते. चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्या, ऑलिव्ह जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

नुसतं खोडून काढण्यापेक्षा पर्याय देते. ऑलिव्ह तेल 300 ग्रॅम, खोबरेल 100, कोकम तेल 75 (कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते घट्ट तेल, याने वडी कडक होते), एरंडेल 25. कॉस्टिक 68 ग्रॅम, पाणी 140. यात साधारण पाच टक्के तेल मोकळं राहतं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं मुळीच नको. चष्मा, हातमोजे हवेत आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर. कॉस्टिकचं पाणी आणि तेलांचं मिश्रण, दोन्ही 45 अंशांच्या आसपास आली की एकत्र करून पातळ पिठल्याइतकं दाट होईपर्यंत घुसळा आणि साच्यात ओता.

बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर अंगावर बसतो, आणि तिथे सायट्रिक आम्लाचा खरा उपयोग आहे. वरच्या कृतीतल्या पाण्यात ते 10 ग्रॅम आधी विरघळवा आणि कॉस्टिक 6 ग्रॅमने वाढवा, कारण तेवढं ते आम्लच खाऊन टाकतं. एक्झिमा असणाऱ्यांनी मात्र हाही साबण त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावा.