एक स्पोक बदलला म्हणजे चाक दुरुस्त झालं असं नसतं!

सायकलच्या चाकाचा स्पोक, म्हणजे तार, पुन्हा तुटला. मागचंच चाक, उजवीच बाजू, कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) मागे, आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकातून बाहेर पडताना स्पोक जिथे वळतो नेमका तिथेच. टण्ण असा आवाज, पुढच्याच क्षणी रिम (चाकाची बाहेरची गोल कड) ब्रेकच्या रबराला घासायला लागली. मग तेच सगळं: सायकल बाजूला घ्या, तुटका स्पोक शेजारच्या स्पोकाला गुंडाळा म्हणजे तो साखळीत जाणार नाही, ब्रेकची केबल ढिली करा, आणि उरलेला रस्ता एका ब्रेकवर, लटपटणाऱ्या चाकावर, जीव मुठीत धरून कापा. मागच्या वेळी बदललेला स्पोक शाबूत आहे. त्याच्या जवळचा गेला. त्याआधी त्याच्या पलीकडचा गेला होता. ये रे माझ्या मागल्या.

स्पोक तुटतात याचा मला राग नाही. वस्तू आहे, झिजेल, तुटेल. राग आहे तो दुरुस्ती करणाऱ्याकडून प्रत्येक वेळी मिळणाऱ्या उत्तराचा. "दादा, खड्ड्यात घातली असेल." "तुमचं वजन जरा जास्त पडतं." "हल्ली स्पोकच असे येतात." आणि मग एक नवा स्पोक, पाच मिनिटं निपल (स्पोक ताणणारं रिमकडचं छोटं नट) फिरवणं, चाक गरकन फिरवून "बघा, आउट निघाला", म्हणजे चाकाचा वाकडेपणा गेला. संपलं काम. पुढच्या स्पोकाची वेळ येईपर्यंत.

खड्ड्याचं आधी बघू, कारण हे उत्तर ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्पोक भरलेल्या चाकात हबवर पडणारं वजन खालचे स्पोक काठीसारखे उचलून धरत नाहीत. सगळे स्पोक आधीच ताणलेले असतात. वजन पडलं की जमिनीजवळच्या चार-दोन स्पोकांवरचा ताण कमी होतो, बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही. खड्ड्यात आदळल्यावर तर खालच्या स्पोकांचा ताण आणखीच कमी होतो. म्हणजे खड्डा स्पोकाला ओढून तोडत नाही. खड्डा तोडायचाच झाला तर ट्यूब चावतो, रिमची कड वाकवतो. माझी रिम गुळगुळीत आहे, ट्यूबला काही झालेलं नाही, आणि स्पोक तुटला तो सपाट डांबरावर, बसून आरामात पेडल मारताना. तरी खड्डाच? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

वजनाचं तेच. दोघं जण एकाच सायकलवर बसून जातात अशा टँडम सायकली जगात आहेत. त्यांच्या चाकात ४० किंवा ४८ स्पोक असतात आणि दोन माणसांचं वजन घेऊन त्या डोंगर चढतात, उतरतात. सामान लादून महिनोन् महिने फिरणारे लोक ३६ स्पोकांच्या चाकावर जातात. वजन जास्त असेल तर चाक त्या वजनाचं बांधा! २० किंवा २४ स्पोकांचं दिखाऊ चाक रोजच्या वापराच्या सायकलला लावून द्यायचं, आणि ते तुटलं की चालवणाऱ्याच्या पोटाकडे बघायचं, ही कुठली पद्धत? एवढ्या कमी स्पोकांच्या चाकात एक जरी गेला तरी रिम फ्रेमला घासते आणि माणूस जागच्या जागी अडकतो. ३६ च्या चाकात निदान घरापर्यंत तरी येता येतं.

स्पोक खरं तर तुटतो थकून. आपण लोखंडी तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिलो की ती शेवटी मोडते, तसंच. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा खाली येतो, त्याचा ताण उतरतो, वर जाताना परत चढतो. ७००सी या मापाच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला ४७० च्या आसपास फेरे, हजार किलोमीटरला साडेचार लाखांच्या वर. तेवढ्या वेळा तो कोपर, जिथे तार नव्वद अंशाच्या आसपास वळवलेली असते, थोडासा हलतो. तिथे सूक्ष्म तडा पडतो, रोज थोडा वाढतो, आणि एक दिवस उरलेलं धातूचं कातडं सुटतं. तुटलेलं टोक भिंगाखाली धरा. एक भाग गुळगुळीत, जुना तडा. एक भाग खरबरीत, आत्ता फाटलेला. कधीपासूनचं दुखणं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. कुणी बघत नाही. तुटका तुकडा आधी कचऱ्यात जातो आणि नंतर खड्ड्याचं भाषण सुरू होतं.

चांगला स्पोक हे लाखो फेरे वर्षानुवर्षं झेलतो. मग माझेच का जातात? कारण चाक ढिलं आणि असमान बांधलेलं आहे. लोकांना वाटतं जास्त आवळला म्हणून तुटला. बहुतेक वेळा उलटं असतं. स्पोक पुरेसा ताणलेला असेल तर खाली आल्यावर त्याचा ताण कमी होतो पण संपत नाही, त्यामुळे कोपर हबच्या भोकात घट्ट बसून राहतो. ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्यात तो पूर्ण सैल पडतो आणि परत झटका खाऊन ताणला जातो. कोपर हलतो, निपल आपोआप सुटत जातं, स्पोक अजून ढिला होतो. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो एवढा ताण प्रत्येक स्पोकावर असायला हवा. प्रत्येक स्पोकावर! कारखान्यातून आलेल्या स्वस्त चाकाचे स्पोक जोडी-जोडीने बोटात दाबून बघा. एक दगडासारखा, त्याच्या शेजारचा पाण्यासारखा.

मागच्या चाकाची तर मुळातच कुचंबणा आहे. कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड मध्याकडे सरकवलेली असते. त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे, डावे तिरपे, आणि रिम मध्यावर ठेवायची तर उजव्या बाजूला भरपूर ताण आणि डाव्या बाजूला त्याच्या निम्म्याच्या आसपास. वर बसणाऱ्याचं जास्त वजन मागेच पडतं आणि पेडलचा जोरही तिथेच लागतो. एवढं सगळं ज्या चाकावर आहे त्याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. दिलं जातं सगळ्यात कमी, कारण ते काढायला त्रास होतो.

आणि त्रास होतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. उजवीकडचा स्पोक तुटला तर आधी कॅसेट काढा, त्याला वेगळा पाना आणि साखळीचा तुकडा लावलेला दांडा लागतो. कॅसेटऐवजी हबवर आट्यांनी बसणारं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील असेल तर ते जन्माला चिकटल्यासारखं बसलेलं असतं. निपल बदलायचं असेल तर टायर, ट्यूब, रिमची पट्टी सगळं उतरवा. आणि योग्य लांबीचा स्पोक हवा. डाव्या-उजव्या बाजूची लांबी वेगळी असते, दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, आणि तो फरक महत्त्वाचा असतो. आखूड स्पोक निपलमध्ये चार-पाच आट्यांवरच धरतो आणि निपलचं डोकं उडतं. लांब स्पोक निपलच्या वर येऊन पट्टीला टोचतो आणि ट्यूब फाडतो. मला एकदा असाच लांब घालून दिला होता. पंक्चर झालं, ट्यूब बदलली, परत पंक्चर, भोक आतल्या बाजूला. टायरमध्ये काटा शोधत बसलो आणि काटा रिममध्ये होता!

आता "आउट निघाला" या दोन शब्दांबद्दल. आउट निघणं आणि चाक नीट ताणलेलं असणं या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. रिम एका बाजूला गेली की त्या जागचा एकच स्पोक करकचून आवळायचा, समोरचा सोडून द्यायचा, चाक सरळ दिसतं. पण सरळ दिसणाऱ्या त्या चाकात एक स्पोक तिप्पट ओझं घेऊन बसलेला असतो आणि शेजारचे दोन नुसते शोभेला असतात. तेच पुढच्या वेळी तुटतात. रिम एकदा वाकली असेल तर तिला सरळ ठेवायलाच असमान ताण लागतो, आणि अशा रिममध्ये तुम्ही सोन्याचे स्पोक घाला, तरी तुटणार. सगळे स्पोक सैल करून रिम सपाट पृष्ठभागावर ठेवून बघायला किती वेळ लागतो? पण हे कोणी सुचवतसुद्धा नाही.

ताण मोजायचं यंत्र प्रत्येकाकडे नसेल, मान्य. कान तर आहेत? एका बाजूचे स्पोक एकेक करून बोटाने छेडा. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या तारांचा सूर सारखा लागला पाहिजे. एखादा खालच्या सुरात बोलला की तो ढिला. लहान मूलही ऐकून सांगेल. यासाठी यंत्र, वीज, प्रशिक्षण काही लागत नाही, लागतो तो फक्त आपल्या कामाबद्दलचा थोडा आदर.

पान्याबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलतोच. निपलचे पाने तीन मापांत नेहमी लागतात, ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही, पितळेला कळतो. माझ्या चाकाच्या निम्म्या निपलांचे कोपरे गोल झालेत, कारण कुणीतरी मोठा पाना घालून, तो घसरल्यावर पकडीने धरून फिरवलंय. आता ती निपलं कुठल्याच पान्याला धरत नाहीत. म्हणजे दुरुस्तीनेच पुढची दुरुस्ती अशक्य करून ठेवली.

निपल फिरवताना बारीक स्पोक स्वतःच पिळला जातो, म्हणून थोडं जास्त फिरवून मागे घ्यायचं असतं. ते न केलेलं चाक पहिल्याच फेरीत टिक टिक टिक वाजतं, पीळ सुटतो, आउट परत येतो. आणि काम झाल्यावर समांतर जाणाऱ्या स्पोकांच्या जोड्या हातात धरून जोरात दाबायच्या असतात, पूर्ण चाकभर. कोपर बनवताना धातूत राहिलेला आतला ताण त्याने निवळतो, कोपर हबच्या कडेला नीट बसतो. चार-पाच मिनिटांचं काम, आणि स्पोकाचं आयुष्य त्याने वाढतं. हे माझ्यासमोर एकानेही केलेलं नाही. मी विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चाकाची पूजा करायला सांगतोय.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. साखळी कधी कॅसेटच्या मोठ्या चक्रावरून पलीकडे पडून स्पोकांत अडकली असेल, तर उजवीकडच्या बाहेरच्या स्पोकांवर ओरखडे पडतात आणि ते एकामागून एक त्या ओरखड्यांवरच तुटतात. तिथे बांधणाऱ्याचा दोष नाही, गिअरच्या स्क्रूचा आहे. पण तेव्हाही उपाय एक स्पोक नव्हेच. ओरखडा पडलेले सगळे काढावे लागतात.

जेम्स स्टार्लीने तिरप्या स्पोकांच्या चाकाचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. दीडशे वर्षं झाली. हे काही कालचं तंत्रज्ञान नाही. जगभर, हातात एक पाना घेऊन, माणसं अशी चाकं बांधत आली आहेत की ज्यांची रिम झिजून संपते पण स्पोक तुटत नाही. आणि मला अजून ऐकवलं जातं की स्पोक आहे, तुटणारच.

नाही तुटणार. एकाच चाकाचे, एकाच वयाचे, एकाच जागी दोन-तीन स्पोक पाठोपाठ गेले याचा अर्थ बाकीचेही तेवढेच थकलेले आहेत. प्रत्येकाच्या कोपरात तडा आहे, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. त्यांना एकेक करून मरू देणं याला दुरुस्ती म्हणायचं नाही. मला एक बदलून नकोय. सगळे काढा. रिम सपाट आहे का बघा, नसेल तर तीही बदला. मधे बारीक आणि टोकांना जाड असे, २.० आणि १.८ मिलिमीटरचे स्टेनलेस स्पोक घाला, कारण मधला बारीक भाग ताणाची चढउतार स्वतः झेलतो आणि कोपराला सोडवतो. निपलं पितळी घाला. हबचं भोक मोठं झालं असेल तर स्पोकाच्या डोक्याखाली छोटं वायसर घाला. डाव्या बाजूचा ताण डावीकडे सारखा, उजव्याचा उजवीकडे सारखा. जोड्या दाबा. आणि शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर चाक परत बघायला बोलवा, न विचारता, तुम्ही स्वतःहून.

त्याचे पैसे मी आनंदाने देईन. आत्तापर्यंत एकेका स्पोकाचे, फाटलेल्या ट्यूबचे, गोल केलेल्या निपलांचे देत आलोच आहे. फक्त ते करून झाल्यावर मला खड्ड्याबद्दल एक अक्षर ऐकवू नका.