ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये मेंढ्या हव्यातच

ड्वार्फ फोर्ट्रेस हा ड्वार्फांची, म्हणजे बुटक्यांची, वसाहत चालवायचा कॉम्प्युटर गेम. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या तो खेळणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: "ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये मेंढ्या पाळू नका. पिग टेल (खेळातलं धाग्याचं पीक) आणि कोळ्याचं रेशीम पुरतं. मेंढी वर्षातून एकदाच लोकर देते, एक ड्वार्फ त्यातच अडकतो, आणि कुरण संपतं ते वेगळंच." हे वाचून नवखे मेंढ्या थेट खाटकाकडे पाठवतात. नुकसान मोठं आहे.

वर्षातून एकदाच, हे खरं. लोकर पुरती वाढायला ३०० दिवस लागतात आणि खेळातलं वर्ष ३३६ दिवसांचं. पण म्हणूनच ड्वार्फ अडकत नाही. फार्मर्स वर्कशॉपमध्ये कातरणी, तिथंच सूतकताई, मग लूमवर (मागावर) कापड, संपलं. अडचण होते ती कातरणीचं काम कायम 'रिपीट'वर ठेवल्यामुळे. लोकर वाढलेलं जनावर मिळत नाही, काम रद्द होतं आणि सूचनांचा नुसता पाऊस पडतो. त्यापेक्षा मॅनेजरकडून दर ऋतूला एक ऑर्डर लावा. एडकाही कातरता येतो, त्याला विसरू नका.

"पिग टेल पुरतं" हा सगळ्यात घातक सल्ला. रोजच्या कपड्यांना पुरतं, मान्य. पण ते उन्हाळ्यात आणि शरदातच पेरता येतं. शिवाय एखाद्या ड्वार्फला 'स्ट्रेंज मूड' आला, म्हणजे एखादी खास वस्तू घडवायच्या ध्यासानं तो झपाटला, त्यानं वर्कशॉप बळकावलं आणि लोकरी कापड मागितलं, तर ढीगभर रेशीम पुढ्यात असूनही तो हात लावत नाही. तसाच वाट बघत बसतो, मुदत संपली की वेडा होतो आणि कारागीर हातचा जातो. कापड विकत घ्यावं म्हटलं तर ड्वार्फ व्यापाऱ्यांचा तांडा येतो शरदात, मूड त्याची वाट बघत नाही. म्हणून कपड्यांच्या ऑर्डरला अट घाला: लोकरी कापड पाचपेक्षा जास्त असेल तरच शिवायचं. उरलेली पाच कापडं मूडसाठी. विकायला महाकाय कोळ्याचं रेशीम लोकरीपेक्षा कितीतरी महाग, पण इथं प्रश्न किमतीचा नाहीच.

कुरणाचं मात्र खरंच सांभाळायला हवं. आपल्याकडं धनगर रानात मेंढ्या बसवतो तेव्हा एका शेतात मुक्काम लांबवत नाही. कळप पुढच्या रानात जातो. तेच करा. दोन कुरणं आखा, एक उजाड दिसू लागलं की कळप दुसऱ्यात हलवा. जागा अपुरी पडली की जनावरं आपसात भांडतात, गवत संपलं की उपाशी मरतात. चार मेंढ्या आणि एक एडका सुरुवातीला पुष्कळ झाले. वर मेंढीचं दूध आणि चीज मिळतंच.

आणि लूमची आपोआप विणण्याची सेटिंग बंद ठेवा. नाहीतर सगळं सूत कापडात जातं आणि दवाखान्यात जखम शिवायला धागा उरत नाही.